वगळलं ते सांगा

दोन दिवस आम्ही वायरी तपासत होतो. आमच्या छोट्या कंपनीने एका कारखान्यासाठी यंत्र बनवलं आहे: पट्ट्यावरून येणारे सुटे भाग उचलून खोक्यात ठेवणारा यांत्रिक हात. तो चालवणारा प्रोग्राम गो भाषेत लिहिलेला. गेल्या महिन्यात यंत्रातला जुना ३२-बिट बोर्ड काढून नवा ६४-बिट बोर्ड बसवला. प्रोग्राम नव्या बोर्डासाठी बिल्ड केला, एकही एरर नाही. पट्टा फिरला, दिवे लागले, सेन्सरची आकडेवारी येऊ लागली. हात मात्र जागचा हलला नाही. मोटर बदलली, कनेक्टर पुसले, वीजपुरवठा मोजला.

तिसऱ्या दिवशी कारण सापडलं. हाताचा सगळा कोड ज्या फाइलीत होता तिचं नाव होतं पिक_आर्म.गो. गोचा नियम असा, की फाइलीच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर आणि एखाद्या प्रोसेसर आर्किटेक्चरचं नाव आलं, तर ती फाइल त्याच आर्किटेक्चरसाठी घ्यायची, एरवी सोडून द्यायची. गोच्या लेखी 'आर्म' म्हणजे ३२-बिट आर्म प्रोसेसर. आमचा नवा बोर्डही आर्मच, पण ६४-बिट, आणि त्याचं नाव 'आर्म६४'. आम्ही हाताला आर्म म्हणत होतो, गो प्रोसेसरला. जुन्या बोर्डावर दोन्ही अर्थ योगायोगाने जुळले होते.

रविवारी मावशीकडे गेलो. तिची अठ्ठावीस वर्षं कंपायलर आणि एम्बेडेडच्या कामात गेली. ताटं उचलली गेली तरी आमचं बोलणं संपलं नाही.

मी: मला एवढंच सांग, या धंद्यात एका गोष्टीला एक नाव का नाही? आपल्या लॅपटॉपमध्ये असतो तो प्रोसेसर घे. लिनक्सचा कर्नल त्याला एक्स८६-६४ म्हणतो, डेबियन एएमडी६४ म्हणतं, मायक्रोसॉफ्ट एक्स६४ म्हणतं, इंटेल त्यालाच इंटेल ६४ म्हणते. गोमध्ये एएमडी६४, नोडमध्ये एक्स६४, रस्टमध्ये पुन्हा एक्स८६-६४. आमच्याकडे नवी मुलगी रुजू झाली. तिच्या लॅपटॉपवर इंटेलचा स्टिकर. डाउनलोडच्या यादीत एएमडी६४ दिसलं, तिला वाटलं हे आपलं नव्हे. तिने ३२-बिटचं उतरवलं. तिची काय चूक?

मावशी: तिची काहीच चूक नाही. पण ज्यांनी ती नावं ठेवली त्यांचीही नाही. सातबारा हा शब्द बघ. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२, दोन नमुन्यांचे नुसते क्रमांक. आज शेतकरी म्हणतो, सातबारा काढून आण. क्रमांकाचं नाव झालं आणि ते जमिनीला चिकटलं. एक्स८६ तसंच आहे. १९७८ मध्ये इंटेलचा ८०८६ आला. मग ८०१८६, १९८२ मध्ये ८०२८६, १९८५ मध्ये ८०३८६, १९८९ मध्ये ८०४८६. शेवटचं ८६ कायम, म्हणून सगळ्या घराण्याला एक्स८६. पुढच्याला ५८६ म्हणता आलं असतं. पण नुसता आकडा ट्रेडमार्क म्हणून राखता येत नाही, म्हणून १९९३ मध्ये पेंटियम आला.

मी: तिथवर ठीक. ६४-बिटपाशी काय झालं?

मावशी: तिथे वाटा फुटल्या. इंटेलने एचपीच्या जोडीने नवीनच घर बांधायला घेतलं. इटॅनियम, आर्किटेक्चरचं नाव आयए-६४. २००१ मध्ये तो बाजारात आला, पण एक्स८६ साठी बनलेले जुने प्रोग्राम त्याच्या मातृभाषेत नव्हते. एएमडीने उलट केलं. जुनं घर तसंच ठेवून वर मजला चढवला. १९९९ मध्ये जाहीर केलं, २००३ मध्ये ऑप्टेरॉनमधून विकलं. जुने प्रोग्राम जसेच्या तसे चालत होते, त्यामुळे लोक तिकडे गेले आणि २००४ मध्ये इंटेललाही तोच आराखडा घ्यावा लागला. आता प्रतिस्पर्ध्याचं नाव आपल्या खोक्यावर कोण छापेल? आधी ईएम६४टी, मग इंटेल ६४. डेबियनने आणि गोने मात्र ज्याने आराखडा केला त्याचं नाव ठेवलं. एएमडी६४ हे त्याचं माहेरचं नाव आहे.

मी: म्हणजे इंटेल ६४ आणि आयए-६४ या दोन वेगळ्या गोष्टी, आणि एएमडी६४ आणि इंटेल ६४ एकच! नवख्याने हे कसं ओळखायचं? आणि विंडोजमध्ये तर पाट्याच उलट्या. सिस्टिम३२ नावाच्या फोल्डरात ६४-बिट फाइली आणि सिसवाव६४ मध्ये ३२-बिट.

मावशी: कारण हजारो प्रोग्राममध्ये सिस्टिम३२ हा पत्ता हाताने लिहिलेला होता. ते प्रोग्राम ६४-बिटसाठी पुन्हा बिल्ड केले, तरी पत्ता तोच राहणार. मग फोल्डर तेच ठेवलं आणि ३२-बिटवाल्यांना शेजारी दुसरं घर दिलं. नाव बदलायचं तर ते जिथे जिथे लिहिलंय तो प्रत्येक कागद बदलावा लागतो. १९९५ मध्ये आपण बॉम्बेचं अधिकृतपणे मुंबई केलं. हायकोर्टाचं नाव आजही बॉम्बे हायकोर्ट आहे, विमानतळाचा कोड आजही बीओएम.

मी: पण बीओएम कोड राहिला म्हणून विमान नागपूरला उतरत नाही ना? तिथे जुनं नाव निरुपद्रवी आहे. आमच्या यंत्रात नावामुळे हात थांबला.

मावशी: बरोबर, तिथे मला थांबायला हवं. पण एक लक्षात घे. आत काय बदलायचं आणि बाहेर काय ठेवायचं, यात फरक आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये आधी आय३८६ आणि एक्स८६-६४ अशी दोन फोल्डरं होती. २००८ च्या जानेवारीत आलेल्या २.६.२४ आवृत्तीत दोन्ही मिळून एक्स८६ हे एकच झालं. आमच्यासाठी ती मोठी उलथापालथ होती. बाहेरच्या माणसाला कळलंही नाही, कारण यूनेम या कमांडला प्रोसेसरचं नाव विचारल्यावर मिळणारं उत्तर तेच राहिलं. त्या उत्तरावर जगभरच्या स्क्रिप्टा उभ्या आहेत. बाहेर गेलेलं नाव म्हणजे दिलेला शब्द.

मी: त्या स्क्रिप्टांत काय असतं ते मी रोज बघतो. 'एक्स८६-६४ किंवा एएमडी६४ असेल तर हे, एआर्च६४ किंवा आर्म६४ असेल तर ते.' प्रत्येक इन्स्टॉलरमध्ये हीच यादी, प्रत्येकाने आपापली लिहिलेली आणि प्रत्येकीत एखादं नाव राहून गेलेलं. त्याच प्रोसेसरला लिनक्स एआर्च६४ म्हणतो आणि मॅक आर्म६४.

मावशी: आणि लिनक्स कर्नलच्या आत फोल्डरचं नाव मात्र आर्म६४. एआर्च६४ हे आर्म कंपनीने दिलेलं नाव, कंपायलरवाल्यांनी ते घेतलं. कर्नलवाल्यांना आर्म६४ बरं वाटलं. एलएलव्हीएम कंपायलरमध्ये तर काही काळ एआर्च६४ आणि आर्म६४ असे दोन वेगळे भाग एकाच प्रोसेसरसाठी शेजारी नांदत होते. अॅपलने आपला भाग आणून दिल्यावर २०१४ मध्ये ते एकत्र केले.

मी: तू मला प्रत्येक नावामागची कहाणी सांगतेस आणि ती खरी आहे. पण कहाणी माहीत असलेल्यालाच नाव कळत असेल, तर ते नाव कामाचं नाही. नाव हे न भेटलेल्या माणसासाठी असतं. लिनक्सच्या कर्नलने २०१३ च्या ३.८ आवृत्तीत खऱ्या ३८६ प्रोसेसरचा आधार काढून टाकला. डेबियनच्या पॅकेजांवर तरी आय३८६ ही पाटी राहिलीच. ३८६ वर जे चालत नाही त्यावर ३८६ लिहिलेलं! आणि तुमच्या आर्मचं काय? आर्म७ आणि आर्म व्ही७, एका अक्षराचा फरक.

मावशी काही न बोलता उठली. बाहेरच्या शेल्फवर पत्त्याच्या आकाराचा एक बोर्ड प्लास्टिकच्या डब्यात बसवलेला होता. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी खाली गेलं की तो पंप चालू करतो. २०१२ चा, पहिल्या पिढीचा रास्पबेरी पाय. तिने डबा टेबलावर आणून ठेवला.

मावशी: यावर मीही एकदा एक दिवस घालवला आहे. याचा प्रोसेसर आर्म११ घराण्यातला. आर्म११ म्हणजे आराखडा आर्म व्ही६. आर्म७ त्याच्याही आधीचा, तो व्ही४ च्या काळातला. एक क्रमांक चिपच्या पिढीचा, दुसरा सूचनासंचाच्या आवृत्तीचा, आणि दोघांची चाल वेगळी. डेबियनने एक पोर्ट काढलं, आर्मएचएफ. दशांशाची गणितं हार्डवेअरमध्ये करणारा आर्म, असा त्याचा अर्थ. त्याला किमान आर्म व्ही७ लागतो. हा बोर्ड व्ही६. दशांशाचं हार्डवेअर याच्यात आहे, पण व्ही७ च्या सूचना याला कळत नाहीत. म्हणून रास्पबियनच्या लोकांनी सगळी पॅकेजं व्ही६ साठी पुन्हा बिल्ड केली. फार मोलाचं काम. पण नाव तेच ठेवलं, आर्मएचएफ.

मी: मग?

मावशी: मी डेबियनसाठी बिल्ड झालेलं एक पॅकेज यावर टाकलं. नाव जुळलं, इन्स्टॉलरने हूं की चूं केलं नाही. चालवलं, तर स्क्रीनवर एकच ओळ: इलिगल इन्स्ट्रक्शन. त्या दिवशी टाकी कोरडी पडली. एका गोष्टीला चार नावं असली तर मी निभावून नेते, चारांची यादी करून भिंतीला लावते. पण एका नावाने दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर यादीही उपयोगाची नाही. एवढं तुझं मला मान्य.

मी: माझ्या फाइलीचं तेच झालं. 'आर्म' या एका शब्दाचे दोन अर्थ. पण मला खरा राग नावाचा नाही, नियमाचा आहे. फाइलीचं नाव हा हुकूम का असावा? कुठल्या प्रोसेसरसाठी आहे ते फाइलीच्या आत, पहिल्या ओळीत लिहायला लावा. गोमध्ये तशी सोय आहेच, फाइलीच्या डोक्यावर गो:बिल्ड अशी ओळ लिहिता येते. मग नावातून काढायची ही अध्याहृत अट कशाला?

मावशी: कारण मी दुसरी बाजू जगले आहे. सीमध्ये एकाच फाइलीत सगळं असायचं. हा प्रोसेसर असेल तर या चार ओळी, तो असेल तर त्या सहा, त्यात विंडोज असेल तर आणखी तीन. इफडेफच्या आत इफडेफ. वाचताना आपल्याला लागू असलेली ओळ कोणती हे बोट ठेवून शोधावं लागायचं. लिनक्स कर्नलच्या शैलीचे नियमसुद्धा सांगतात की .सी फाइलींत अशा अटी शक्यतो टाळा. गोने प्रत्येक आर्किटेक्चरची फाइल वेगळी केली आणि नावातच ओळख दिली. फोल्डर उघडलं की दिसतं, ही एएमडी६४ ची, ही आर्म६४ ची. फाइलीच्या आतली ओळ बघायला फाइल उघडावी लागते.

मी: ज्याला नियम माहीत आहे त्याला दिसतं. मला तिथे हात दिसला.

मावशी: सीमध्ये तुझी सुटका झाली असती असं समजू नकोस. ६४-बिट लिनक्सवर ३२-बिट प्रोग्राम बिल्ड करायला सांग, बहुतेक वेळा पहिल्याच झटक्याला अडतं: स्टब्स-३२.एच, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. का, तर स्टब्स.एच ही फाइल स्वतः काहीच सांगत नाही. ती प्रोसेसरचं नाव विचारते आणि त्याप्रमाणे स्टब्स-३२, स्टब्स-६४ किंवा स्टब्स-एक्स३२ यांतली एक आत घेते. यातलं एक्स३२ म्हणजे पुन्हा ३२-बिट एक्स८६ नव्हेच. तो ६४-बिट सूचना वापरून पत्ते ३२-बिटचे ठेवणारा वेगळा प्रकार. ३२-बिटचं पॅकेज बसवलेलं नसलं की ती फाइल जागेवर नसते आणि कंपायलर थांबतो.

मी: पण तो थांबतो! ओरडतो. कुठली फाइल मिळाली नाही तेही सांगतो. पाच मिनिटांत पॅकेज बसवून माणूस पुढे जातो. माझ्याकडे फाइल डोळ्यांसमोर होती, टूलने ती घेतली नाही आणि एका शब्दाने सांगितलं नाही.

मावशीने वही ओढली आणि त्यावर सीच्या तीन ओळी लिहिल्या. पहिली: इफडेफ, पुढे दोन अंडरस्कोर, एक्स६४, दोन अंडरस्कोर. दुसरी: वेगवान कोडची फाइल इन्क्लूड करा. तिसरी: एंडिफ.

मावशी: यात चूक कुठे आहे?

मी: दिसत नाही.

मावशी: जीसीसीमध्ये हे नाव एक्स८६_६४ असं आहे, दोन्हीकडे दोन-दोन अंडरस्कोर. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये _एम_एक्स६४. मी लिहिलेलं नाव दोघांनीही कधी ठेवलेलं नाही. कंपायलरला ते अनोळखी. अनोळखी नाव आलं की इफडेफच्या दृष्टीने उत्तर 'नाही', आणि मधली ओळ वगळली जाते. इशारा नाही, एरर नाही. प्रोग्राम बरोबर चालतो, फक्त हळू, आणि हळू का ते वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. म्हणजे फाइलीच्या आत स्पष्ट लिहिल्याने तुझा प्रश्न सुटत नाही. तिथेही नाव चुकू शकतं आणि तिथेही टूल गप्पच बसतं.

मी: म्हणजे रोग एकच. अट नावात लिहा की आत लिहा, वगळलेलं कुणी सांगत नाही.

मावशी: हो. गोचंच बघ. फोल्डरातल्या सगळ्या फाइली वगळल्या गेल्या तर तो बोलतो, की अटींमुळे इथली एकही फाइल उरली नाही. दहांतली एक वगळली तर बोलत नाही.

मी: आणि माझी ती एक फाइल दुसऱ्या कुणी नावाने हाक मारत नव्हती. प्रोग्राम सुरू होताना ती इनिटमधून स्वतःची नोंद करायची. हाक मारणारी ओळ कुठे असती, तर 'अनडिफाइन्ड' अशी एरर तरी आली असती.

मावशी: गोवाल्यांनाही हे उमगत गेलं आहे. २०१४ च्या १.४ आवृत्तीत त्यांनी नियम आवळला. तेव्हापासून नुसतं आर्म.गो चालतं, आधी अंडरस्कोर असेल तरच अट लागू होते. २०२२ च्या १.१९ मध्ये 'युनिक्स' ही नवी अट आली. ती फाइलीच्या आत लिहिता येते, नावात मात्र मुद्दाम दिली नाही. कारण जगात आधीच कितीतरी फाइलींच्या नावाच्या शेवटी _युनिक्स होतं आणि त्या एका रात्रीत इतरत्र वगळल्या गेल्या असत्या.

मी: म्हणजे नावाला हुकूम बनवणं धोक्याचं, हे त्यांनीही मानलं.

मावशी: नव्या नावांपुरतं. जुन्यांची यादी ते कमी करू शकत नाहीत, दिलेला शब्द आहे तो. मी अजूनही म्हणेन की नावातली ओळख चांगली आहे. तू म्हणशील आत लिहा. त्यावर आपलं आज एकमत होणार नाही आणि झालं नाही तरी चालेल. मात्र टूल बनवणाऱ्याकडे मी एकच मागेन: घेतलं ते सांगू नकोस, वगळलं ते सांग. 'पिक_आर्म.गो वगळली, कारण हे बिल्ड आर्म६४ साठी आहे.' एवढी एक ओळ. तुमचे दोन दिवस आणि माझी टाकी, दोन्ही वाचलं असतं.

मी: आणि टूल सांगत नसेल तोवर?

मावशी: विचारायचं. गोला लिस्ट कमांडने वगळलेल्या फाइलींची यादी मागता येते, इग्नोर्डगोफाइल्स असं त्या रकान्याचं नाव. जीसीसीला मोठा एच हा पर्याय दिला की आत घेतलेली प्रत्येक हेडर फाइल तो छापतो. तयार प्रोग्राम कुठल्या प्रोसेसरचा आहे ते 'फाइल' ही कमांड सांगते. सीमध्ये प्रोसेसरची अट लिहिलीस की शेवटी एल्स घालून एरर लिही. ओळखीचं एकही नाव जुळलं नाही तर बिल्ड थांबलंच पाहिजे. आणि फाइलीला नाव देताना शेवटच्या अंडरस्कोरनंतरचा शब्द दोनदा वाच.

घरी येऊन मी लॅपटॉपवर ती यादी मागितली. दोन नावं आली. एक पिक_आर्म.गो, ती अपेक्षित होती. दुसरी पिक_आर्म_टेस्ट.गो. तिच्याकडे आमच्यापैकी कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. नियम असा, की गो शेवटचं _टेस्ट बाजूला काढतो आणि मग उरलेल्या नावात आर्किटेक्चर शोधतो. आमच्या चाचण्या एएमडी६४ सर्व्हरवर चालतात. तिथे हाताची एकही चाचणी कधी चाललीच नव्हती आणि सर्व्हर रोज हिरवा दिवा दाखवत होता.

गो वापरणाऱ्या, सी लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे, की ही यादी आपल्या प्रकल्पात आजच मागून पाहा. सर्व्हरवरच्या बिल्डमध्येच ती छापायला लावा, म्हणजे कुणाला आठवणीने मागावी लागणार नाही.

मी दोन्ही फाइलींची नावं बदलली: पिक_हात.गो आणि पिक_हात_टेस्ट.गो. आधी ४१ चाचण्या चालत होत्या, आता ५३ चालल्या. नव्या १२ पैकी २ नापास झाल्या. त्यांतली एक, पकडलेला भाग निसटला तर हाताने जागीच थांबावं, याची होती. हात थांबत नव्हता. ती चूक फाइल लिहिली त्या दिवसापासून तिथेच होती.